मेंग ताद्देओच्या अठरा कबुल्या

ताद्देओचं अभिनंदन सगळ्यांत आधी मी केलं, ही माझी चूक. तेही गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात, दोघांच्याही अंगावर साबणाखेरीज काही नसताना.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार नुकताच होऊन गेला होता. मंगळवारी सकाळी आम्ही दोघे म्हातारे नेहमीसारखे एकमेकांच्या पाठी घासायला बसलो होतो. मी म्हटलं, “अभिनंदन रे. चर्चच्या फळ्यावर नाव लागलंय तुझं.”

“कसलं नाव?”

“अखंड निष्ठावंत. नऊ वर्षांत एकही कबुली न चुकवलेले लोक. एक्केचाळीस जण आहेत, अकरावा तू. आपल्या चर्चच्या धर्मग्रामाला पन्नास वर्षं झाली म्हणून सत्कार आहे. टॉवेल देणार आहेत.”

आपण ज्याची पाठ घासतोय तो माणूस ताडकन उभा राहिला तर घासणाऱ्याच्या नाकासमोर काय येतं, याचं वर्णन मी करत नाही. ताद्देओ एवढंच म्हणाला, “माझे कपडे कुठायत?” आणि ओल्या अंगावरच बनियन ओढायला लागला.

आमच्याकडची पद्धत अशी आहे. नाताळाआधी एकदा आणि ईस्टरआधी एकदा, चर्चकडून प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी निघते. गटप्रमुख बाई ती घरोघर पोचवते. चिठ्ठी घेऊन जायचं, फादरसमोर पापं कबूल करायची आणि चिठ्ठी टोपलीत टाकायची. मग ऑफिसात त्या चिठ्ठ्या वहीत चढतात. कोण आलं नि कोण नाही हे देवाला ठाऊक असतंच, पण वहीलाही असावं असा आमचा आग्रह. तीन वर्षं चिठ्ठी आली नाही की माणसाचं नाव ‘थंड’ यादीत जातं. थंड म्हणजे वारलेला नव्हे. वारलेल्यांची वेगळी वही आहे, आणि तिच्याकडे जास्त लक्ष दिलं जातं.

ताद्देओ नऊ वर्षांत एकदाही कबुलीला गेला नव्हता. आपण सहा वर्षांपासून थंड यादीत आहोत अशी त्याची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा अभिमान होता.

कारण असं. नऊ वर्षांपूर्वी, एक डिसेंबरच्या संध्याकाळी, त्याची बायको युस्तिना गेली. आमच्यात कोणी गेलं की चर्चची माणसं इस्पितळाच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या दालनात जमतात, समोरासमोर दोन रांगा करून बसतात आणि मृतांची प्रार्थना चालीवर म्हणतात. एक ओळ या रांगेने, पुढची त्या रांगेने. तास तास चालते. घरच्यांना रडायला उसंत मिळावी, इतका वेळ. दोन डिसेंबरला ताद्देओ दिवसभर दाराकडे बघत बसला. कोणी आलं नाही. त्या दिवशी चर्चच्या नव्या सभागृहाचं उद्‌घाटन होतं. बिशप येणार होते, आणि त्यांना गावची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, भेट द्यायची म्हणून अख्खं धर्मग्राम मिठातला कोबी पिळत होतं. मी कुठे होतो? मुळे किसत होतो.

ताद्देओने पुस्तक उघडलं. एका बाजूला बसून एक ओळ म्हटली. उठला, समोर जाऊन बसला, दुसरी म्हटली. पुन्हा उठला. असं संध्याकाळपर्यंत. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवण वाढणारी बाई बौद्ध होती, तिला बघवेना. तिने पुस्तक हातात घेऊन अर्धा तास समोरची बाजू सांभाळली. संतांची नावं तिने चुकीची घेतली, पण घेतली. तीन तारखेला आम्ही सगळे गेलो, साठ-सत्तर जण. हातांना लसणाचा वास होता.

पुढच्या महिन्यात ताद्देओ माझ्या दारात उभा राहून दोन तास मला वाट्टेल ते बोलला. मी माफी मागितली. म्हणून आम्ही अजून पाठी घासतो. चर्चने काही माफी मागितली नाही. म्हणून तो कबुलीला जात नव्हता. “आधी त्यांनी कबूल करावं, मग मी करेन,” इतकं साधं त्याचं म्हणणं होतं. आणि आता फळा सांगत होता, की त्याने नऊ वर्षांत अठरा वेळा केलं.

चर्च टेकडीवर आहे. ताद्देओ एकशे बारा पायऱ्या एका दमात चढला आणि ऑफिसच्या दारातूनच ओरडला, “माझं नाव काढा!”

ऑफिसातली जेम्मा, बिचारी गेल्याच वर्षी लागलेली. “कुठनं काढू, काका?”

“फळ्यावरनं. वहीतनं. मी आलेलो नाही.”

जेम्माने वही उघडली. “अठरा आहेत, काका. एकही चुकलेली नाही. माझ्या आईच्यासुद्धा तेराच आहेत.”

“मी एकदाही आलो नाही, पोरी!”

“तुम्ही कसे याल? तुमचे गुडघे गेलेत ना. फादर घरी येऊन कबुली घेतात आणि चिठ्ठी कोलुम्बाताई आणून देतात. शेरा आहे इथे. ‘अंथरुणाला खिळलेले.’”

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला धापही लागली नव्हती. मी मात्र दाराची चौकट धरून उभा होतो.

आवाज ऐकून फादर ओम बाहेर आले. छत्तीस वर्षांचे, ऑगस्टमध्येच बदलून आलेले, कोणाला दुखवू नये अशी इच्छा असलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“फादर, तुमच्याआधीच्या दोघांना फोन लावा,” ताद्देओ म्हणाला. “विचारा, हा माणूस कधी आला होता का.”

“ते विचारता येत नाही, काका. कबुलीला कोण आलं, काय बोललं, हे मरेपर्यंत सांगायचं नसतं.”

“पण मी आलोच नव्हतो, एवढं सांगायला काय हरकत आहे?”

“न आलेल्यांची नावं सांगितली, की आलेले कोण ते कळतं.”

“म्हणजे मी न केलेली कबुली गुप्त आहे?”

“तसंच म्हणावं लागेल,” फादर म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून वाटलं, हे त्यांना शिकवताना कोणी सांगितलं नसावं.

“आणि वहीत खोडायचं म्हटलं तर?”

“मृत्यू झाला तर खोडतो आम्ही,” जेम्मा म्हणाली.

“तेवढीच सोय ठेवलीय का माझी?” ताद्देओने टेबलावर मूठ आपटली. त्यावरची मारियेची दगडी मूर्ती हलली. जेम्माने तिला दोन्ही हातांनी धरलं आणि ताद्देओ बाहेर पडेपर्यंत सोडलं नाही.

आमची गटप्रमुख बेक कोलुम्बा, तिचं पार्लर बाजारात, बियाणांच्या दुकानाशेजारी. नाताळ जवळ आला की धर्मग्रामातल्या सगळ्या बायका तिथे केस कुरळे करून घेतात. तिसऱ्या रविवारी मागून पाहिलं तर एकच बाई शंभर ठिकाणी बसलीय असं वाटतं. आम्ही शिरलो तेव्हा तिघी जणी रोलर लावून बसल्या होत्या.

“कोलुम्बा! माझे गुडघे कधी गेले?”

कोलुम्बाने मान वळवली नाही. “जातील कधीतरी. आधी दार लावा, ताद्देओभाऊ. बायकांची डोकी ओली आहेत.”

“माझ्या चिठ्ठ्या तू टाकतेस?”

“टाकते.”

“कोणाला विचारून?”

“तुम्हाला विचारलं असतं तर हो म्हणाला असता का? दारात गेले की ‘चुलीत घाल’ म्हणता. मी चुलीत नाही घातली, टोपलीत घातली.”

“टॉवेलांसाठी! शंभर टक्के चिठ्ठ्या आल्या की गटाला टॉवेल मिळतात, मला माहीत नाही का? माझ्या बायकोच्या जिवावर तू टॉवेल घेतेस!”

“हे बघा टॉवेल.” तिने कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत टॉवेलच होते. “हवे तितके न्या. नऊ वर्षं मी या टॉवेलांनी केसांचा रंग पुसतेय. टॉवेलांसाठी कोणी खोटं बोलतं का? बरं, पहिल्यांदा बोलले असेन. पण तिसऱ्या वर्षी तुमचं नाव थंड यादीत गेलं असतं. त्या यादीतला माणूस मेला तर कोणाला फोन जातो? कोणालाच नाही. तुमची मुलगी टोरांटोहून येईपर्यंत दोन दिवस. तोवर समोर कोण बसणार? ती जेवण वाढणारी बाई?”

“ती बसली तरी होती!”

एकीने हात लांब करून गरम हवेचं यंत्र बंद केलं. ऐकू येत नव्हतं ना.

“आणि मी काही लपवलेलं नाही,” कोलुम्बा म्हणाली. “दर वेळी आत जाऊन सांगितलंय. फादर, दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाकली म्हणून.”

“मग फादर काय म्हणाले?”

“पुन्हा करू नकोस म्हणाले.”

“आणि तू?”

“नाही करणार म्हटलं.”

“अठरा वेळा?”

“अठरा वेळा. तुमच्यापायी प्रायश्चित्ताच्या जपमाळा म्हणून म्हणून बोटं झिजली माझी.”

रोलरवाल्या तिघी हसल्या. मीही हसलो असेन. ताद्देओने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पार्लरमधली हवा उतरली.

“हसा. त्या दिवशीही हसतच असाल, मिरचीच्या लाल हातांनी. तिथे माझी बायको होती. एकटी. मी या बाजूने म्हणत होतो, त्या बाजूने म्हणत होतो, आणि मधे ती पडली होती.” त्याचा आवाज चिरला म्हणून तो आणखी मोठ्याने बोलायला लागला. “कोलुम्बा, तू प्रार्थनेच्या मंडळात होतीस. गावात सगळ्यांत मोठा आवाज तुझा. तू का आली नाहीस?”

कोलुम्बाने हातातला रोलर खाली ठेवला.

“निघालो होतो आम्ही. चौदा जण. सकाळी नऊला पुस्तकं घेऊन फाटकापर्यंत आलो होतो. अल्बेर्तोभाऊंनी थांबवलं.”

बोंग अल्बेर्तो म्हणजे धर्मग्राम मंडळाचा अध्यक्ष. तेव्हाही होता, आजही आहे.

“काय म्हणाला तो?”

“जाऊ द्या ना आता.”

“काय म्हणाला?”

“म्हणाले, मेलेलं माणूस कुठे जात नाही. बिशप चार वाजता जाणार आहेत.”

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. बाहेर बियाणांच्या दुकानासमोर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि ती बराच वेळ मागे जात राहिली.

“आणि तुम्ही परत फिरलात,” ताद्देओ म्हणाला.

“फिरलो.”

“चौदाच्या चौदा?”

“चौदाच्या चौदा. एकट्या त्यांना काय बोलायचं? पाय आमचे होते.”

ताद्देओने हात पुढे केला. “यंदाची चिठ्ठी दे. आणि इथून पुढे माझ्या नावाला हात लावायचा नाही. मी थंड तर थंड. माझा राग माझ्या नावावर राहू दे.”

तिने कंगव्यांच्या खणातून चिठ्ठी काढून दिली. जाताना त्याने दार लावलं नाही.

कबुलीचा दिवस दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. आजूबाजूच्या गावांतून चार फादर येतात, चार कोपऱ्यांत बसतात, आणि चार-साडेचारशे माणसांची सहा महिन्यांची पापं दुपारपर्यंत आटोपतात. वेगाने उरकणारा फादर कोणता हे सगळ्यांना माहीत असतं. त्याची रांग दारापर्यंत जाते. त्या दिवशी ताद्देओ आत आला तेव्हा चारही रांगांत कुजबुज झाली. आला, आला एकदाचा. त्याने लग्नाकार्याचा कोट घातला होता.

टोपलीपाशी अल्बेर्तो उभा होता, दर वर्षी उभा असतो तसा. दोन्ही हात पसरून म्हणाला, “या या, ताद्देओ! गुडघे कसे आहेत?”

“ठीक आहेत,” असं म्हणून ताद्देओने चिठ्ठी उलटी करून टोपलीत ठेवली.

पाठीमागे जाड पेनाने लिहिलेलं होतं. अल्बेर्तोने वाकून वाचलं. वाचता वाचता त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याचा उपयोग संपला. लिहिलं होतं: ‘मी कबुलीला आलो नाही. मागच्या अठरा वेळाही आलो नव्हतो. दोन डिसेंबरला माझी बायको युस्तिना इस्पितळात मरून पडली होती आणि धर्मग्रामातून कोणी प्रार्थनेला आलं नाही. जे निघाले होते त्यांना फाटकावरून परत पाठवलं. धर्मग्राम हे कबूल करत नाही, तोवर मीही काही कबूल करणार नाही. मेंग ताद्देओ.’

“ही टोपली कबुली झालेल्यांची आहे,” अल्बेर्तो हळू आवाजात म्हणाला. “असलं काही यात टाकता येत नाही.”

“अठरा वेळा टाकता आलं की.”

“नऊ वर्षं झाली, ताद्देओ. नाताळ तोंडावर आलाय. माणसाने मोठं मन करावं.”

“तुला तेव्हाही घाईच होती. आज बिशप किती वाजता जाणार आहेत?”

अल्बेर्तोचे कान लाल झाले. त्याने चिठ्ठी उचलली, घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली. ताद्देओ तोवर पाठ फिरवून निघालाही होता. पण तिसऱ्या रांगेतून कोलुम्बा बाहेर आली. आणि दोन तास उभं राहून मिळवलेला नंबर सोडून आमच्याकडे कोणी उगाच बाहेर येत नाही.

“अल्बेर्तोभाऊ, चिठ्ठी काढा.”

“ताई, तुम्ही यात पडू नका. तुम्ही खोट्या चिठ्ठ्या टाकल्यात, हे मला फादरना सांगावं लागेल.”

“सांगा ना. मी तेच सांगायला उभी आहे. माझ्या गटातून या माणसाची नऊ वर्षांत ही पहिली खरी चिठ्ठी आलीय. काढा.”

चारही रांगांच्या माना इकडे वळल्या होत्या. कोपऱ्यांतल्या फादरांनीसुद्धा पडद्यामागून कान दिले असणार. अल्बेर्तोने चिठ्ठी काढली. कोलुम्बाने ती मांडीवर सपाट केली, टोपलीत सगळ्यांच्या वर ठेवली, आणि तिचा नंबर गेला म्हणून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

शनिवारी फादर ओमनी ताद्देओला फोन केला. “उद्या मिस्सेच्या प्रार्थनेला या असं मी म्हणत नाही, काका. शेवटच्या सूचनांच्या वेळी या.”

तिसरा रविवार म्हणजे गुलाबी मेणबत्तीचा, आनंदाचा रविवार. ताद्देओ बरोबर सूचनांच्या वेळी आला आणि दारातच उभा राहिला. दार उघडं, गार वारा आत. फादरनी आधी सांगितलं की बावीस तारखेला मिस्सेनंतर लाल चवळीची लापशी आहे, मोठं पातेलं कोणाकडे असेल तर आणावं. मग गाड्या फाटकासमोर लावू नयेत हे सांगितलं. मग कागद उलटला.

“यंदा सहाशे बारा चिठ्ठ्या वाटल्या. चारशे एकतीस आल्या. त्यातल्या एकीवर मजकूर आहे, तो वाचतो.”

त्यांनी वाचला. सगळा, फाटकासकट. अल्बेर्तो पहिल्या बाकावर होता. त्याची मान मागून सगळ्यांना दिसत होती.

“मी नोंदी तपासल्या,” फादर पुढे म्हणाले. “तीन डिसेंबरला आपल्या युस्तिनाताईंसाठी आपण जायला हवं होतं आणि गेलो नाही. ते चूक होतं. या धर्मग्रामाच्या वतीने मी—”

“तीन नव्हे!”

सगळी कुरळी डोकी एकदम वळली.

फादर गोंधळले. “काका, वहीत तीन आहे.”

“वहीत माझ्या अठरा कबुल्या आहेत!” ताद्देओ दारातून गरजला. “तीनला सगळे आलात. बसलात, म्हणालात, जेवलात. तीनचं माझं काही म्हणणं नाही. दोनला कोणी आलं नाही. माफी मागायची तर दोनची मागा!”

फादरनी खिशातून पेन काढलं, कागदावर खोडलं, वर लिहिलं. मग पहिल्यापासून वाचलं. “दोन डिसेंबरला,” असं म्हणून ते थांबले, आणि कमरेतून पूर्ण वाकले. प्रार्थनेच्या मंडळातले चौदापैकी नऊ जण आता हयात आहेत. त्यातले आठ उभे राहिले. नववीला काठी सापडेना, शेजारणीने हात दिला. अल्बेर्तो छताकडे पाहत होता.

कोलुम्बा शेवटच्या बाकावर सरकली आणि मोकळ्या जागेवर थापटून म्हणाली, “बसा, ताद्देओभाऊ.”

“मी आलेलो नाही,” तो म्हणाला. “वहीत दुरुस्त करा, मग येतो.”

मिस्सा संपल्यावर तो ऑफिसात जेम्माच्या डोक्यावर उभा राहिला. “थंड यादी काढ. घाल नाव.”

“पण काका, आता तर—”

“घाल. सहा वर्षांपूर्वीच्या तारखेने. आणि ते अंथरूण काढ आधी.”

जेम्माने फादरकडे पाहिलं, फादरनी मान डोलावली. तिने अठरा नोंदींवर पट्टीने अठरा रेघा मारल्या, थंड यादीत नाव लिहिलं, आणि ताद्देओने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला, कोटाची बटणं लावली आणि फादरना म्हणाला, “हं. आता घ्या कबुली.”

आत तो काय बोलला ते गुप्त आहे. पण चाळीस मिनिटं त्याचा आवाज पायऱ्यांपर्यंत येत होता, आणि देवाचं नाव त्यात फारसं नव्हतं. अल्बेर्तोचं बरंच होतं. अल्बेर्तो तिथेच चौथ्या पायरीवर उभा होता. वर यावं की उतरून जावं, हे त्याचं ठरत नव्हतं.

“अल्बेर्तोभाऊ,” वरून कोलुम्बा म्हणाली, “रांग इथे लागलीय. ताद्देओभाऊंनंतर कोणी नाही.”